एका सिझेरियननंतर : पुढील बाळंतपणाचा निर्णय

(हैदराबाद येथील मराठीभाषक भगिनींपुढे एका स्त्रीरोगतज्ज्ञ वैद्यकीय अधिकारी भगिनीने केलेले भाषण)

आजचा विषय आपल्यापैकी अनेकींच्या घरातला आहे. पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले, आता दुसऱ्यांदा दिवस राहिले आहेत. या खेपेला नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहावी, की तारीख ठरवून पुन्हा सिझेरियन करून घ्यावे? हा प्रश्न बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात, तोही घाईघाईने विचारला जातो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा सासूबाई, शेजारीण किंवा पंचांग देऊन मोकळे होते. वास्तविक या प्रश्नाचा विचार गर्भारपणाच्या पहिल्या तपासणीपासून व्हावयास हवा. तो कोणत्या गोष्टी पाहून करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हैदराबादेत हा विषय मांडण्यास विशेष कारण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात शंभर बाळंतपणांपैकी साडेएकवीस शस्त्रक्रियेने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ होते, तर तेलंगणात ६०.७, म्हणजे देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक. तेलंगणातील खाजगी रुग्णालयांपुरते पाहिले तर शंभरातील ८१.५ आणि सरकारी रुग्णालयांत ४४.५ बाळंतपणे सिझेरियनने झाली. याचा अर्थ असा की या शहरात दुसऱ्यांदा आई होणाऱ्या स्त्रियांपैकी फार मोठ्या संख्येच्या गर्भाशयावर आधीच एक व्रण असतो. जो प्रश्न आमच्या विद्यार्थिदशेत अपवादाचा समजला जाई, तो आता नित्याचा झाला आहे.

“एकदा सिझेरियन, की नेहमीच सिझेरियन” हे वाक्य आपण ऐकले असेल. न्यूयॉर्कमधील डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये ते उच्चारले, आणि गंमत अशी की त्यांचा रोख दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे नसून पहिलीकडे होता. पहिले सिझेरियन विनाकारण करू नका, कारण त्याने पुढच्या बाळंतपणांचा मार्ग बांधला जातो, असा त्यांचा इशारा होता. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड आणि आकुंचन पावणाऱ्या भागावर उभा छेद घेत. कळा सुरू झाल्या की नेमक्या त्याच भागावर ताण पडे आणि व्रण उसवण्याचा धोका मोठा असे. पुढे १९२० नंतरच्या दशकात ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. या भागाचा व्रण अधिक बळकट राहतो. आज बहुसंख्य शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. छेद बदलला, परंतु वाक्य मात्र शंभर वर्षे जसेच्या तसे लोकांच्या तोंडी राहिले.

मग भीती कशाची, हे स्पष्ट केले पाहिजे. पूर्वीच्या व्रणाच्या जागी गर्भाशय फाटणे, ही ती भीती होय. खालच्या भागावर एकच आडवा छेद असलेल्या स्त्रीने नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर सुमारे दोनशे स्त्रियांत एकीच्या बाबतीत असे घडते. अमेरिकेतील १९ वैद्यकीय केंद्रांत करण्यात आलेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास याविषयी प्रमाण मानला जातो. त्यात १७,८९८ स्त्रियांनी पूर्वीच्या सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला. शंभरातील सुमारे ७३ जणींना त्यात यश आले. १२४ जणींचे, म्हणजे हजारी सातांचे, गर्भाशय फाटले. बारा पूर्ण दिवसांच्या अर्भकांच्या मेंदूस प्राणवायूअभावी इजा पोहोचली. कळा सुरू होण्यापूर्वी ठरवून शस्त्रक्रिया केलेल्या गटात अशी इजा एकाही पूर्ण दिवसांच्या अर्भकास झाली नाही. हे आकडे मी लपवीत नाही. धोका लहान आहे, पण ज्या घरात तो प्रत्यक्ष येतो त्या घरापुरता तो लहान नसतो.

आता दुसरे पारडे पाहू. ठरवून केलेले सिझेरियन ही आज पुष्कळच निर्धोक शस्त्रक्रिया आहे. ज्या शहरात १८८८ आणि १८८९ मध्ये निजाम सरकारच्या खर्चाने क्लोरोफॉर्म आयोग बसले आणि ज्या शहरात डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांच्यासारख्या स्त्रीने त्या काळात भूल देण्याचे काम केले, त्या शहराला शस्त्रक्रियेचे अनाठायी भय असण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या गर्भारपणाचा धोका वाढत जातो, ही गोष्ट निर्णयाच्या वेळी बहुधा कोणी सांगत नाही. वार जुन्या व्रणावर रुजते, गर्भाशयाच्या स्नायूत खोल रुतते आणि बाळंतपणानंतर सुटत नाही. मग होणारा रक्तस्राव आवरण्यासाठी कधी कधी गर्भाशयच काढावे लागते. अमेरिकेतीलच २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीस हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासात दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी हजारी तीन, तिसऱ्या वेळी सुमारे सहा आणि चौथ्या वेळी एकवीस स्त्रियांत वार अशी रुतलेली आढळली. वार जर गर्भाशयाच्या मुखावर खाली आलेली असेल तर हे प्रमाण एकदम बदलते : दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी शंभरात अकरा, तिसऱ्या वेळी शंभरात चाळीस. यास्तव एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी. आधी सिझेरियन झालेले असेल तर गर्भ नेमका कोठे रुजला आहे हे पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच सोनोग्राफीने पाहून घ्यावे, आणि वार कोठे आहे, व्रणावर तर नाही ना, हे पाचव्या महिन्याच्या तपासणीत मुद्दाम विचारावे. आपण दोन्हींपैकी कोणताही मार्ग पत्करणार असाल तरी ही तपासणी टाळू नये.

तेव्हा आणखी किती मुले हवीत, हा प्रश्न या निर्णयात पहिल्या क्रमांकाचा ठरतो. दोन मुलांवर थांबणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत दुसऱ्या शस्त्रक्रियेचे दूरचे परिणाम तुलनेने थोडे असतात. जिला तिसरे मूल हवे आहे, किंवा जिच्या घरात “एक मुलगा झाल्याशिवाय थांबायचे नाही” असे बोलले जाते, तिच्या बाबतीत प्रत्येक नवा छेद ही पुढच्या संकटाची सोय होय. हे बोलणे कटू आहे, परंतु प्रसूतिगृहात त्याची किंमत सुनेलाच मोजावी लागते.

यश कोणाला येण्याची शक्यता अधिक, याचेही काही ठोकताळे आहेत. सिझेरियनच्या आधी किंवा नंतर एकदा तरी नैसर्गिक प्रसूती झालेली असेल तर शंभरात ८५ ते ९० स्त्रियांना यश येते. याहून चांगले लक्षण दुसरे नाही. पहिली शस्त्रक्रिया बाळ पायाळू होते म्हणून झाली असेल आणि या खेपेस बाळाचे डोके खाली असेल, तर तेही अनुकूल समजावे. उलटपक्षी, पूर्वी कळा येऊनही प्रसूती पुढे सरकली नाही म्हणून सिझेरियन झाले, एकही नैसर्गिक प्रसूती झालेली नाही, वजन फार आहे आणि याही खेपेस औषधाने कळा आणाव्या लागणार आहेत, अशा सर्व गोष्टी एकत्र आल्या तर यशाचे प्रमाण शंभरात चाळिसांवर येते. सर्वांत अधिक त्रास प्रयत्न फसून ऐनवेळी शस्त्रक्रिया करावी लागलेल्या स्त्रियांना होतो, हेही वरील अभ्यासांतून दिसून आले आहे. नैसर्गिक प्रसूती सुखरूप झालेली स्त्री सर्वांत लवकर बरी होते. ठरवून शस्त्रक्रिया झालेली मध्ये. आणि बारा तास कळा सोसून मग शस्त्रक्रिया झालेली शेवटी. म्हणून यशाची शक्यता किती, हे जाणून घेतल्याशिवाय नुसत्या हौसेने वा नुसत्या भीतीने निर्णय घेऊ नये.

आणि हे जाणून घ्यावयाचे तर कागद हवा. भगिनींनो, या भाषणातील एकच गोष्ट घरी न्यावयाची झाली तर ती ही न्यावी. पोटावरचा व्रण आडवा आहे, म्हणून गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल असे नाही. त्वचा आणि गर्भाशय हे दोन वेगळे थर असून त्यांवरील छेद वेगवेगळ्या दिशांनी घेता येतात. विशेषतः बाळ फार कमी दिवसांचे असताना, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात शस्त्रक्रिया करावी लागली असेल, तर गर्भाशयावर उभा छेद घ्यावा लागला असण्याचा संभव असतो. वरच्या भागावरील उभा छेद अथवा पूर्वी गर्भाशय फाटल्याचा इतिहास असेल तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू नये, याविषयी मतभेद नाही. हे सर्व केवळ सुटीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावरून, किंवा त्याहून उत्तम म्हणजे शस्त्रक्रियेच्या टिपणावरून कळते. कार्डावर “एल.एस.सी.एस.” असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद घेतला होता, असा होतो. “क्लासिकल” किंवा “इन्व्हर्टेड टी” हे शब्द असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावेत. त्याखाली शस्त्रक्रियेचे कारण असते. ते “सी.पी.डी.” असे दिसले, म्हणजे बाळाच्या मानाने जननमार्ग अरुंद असे नोंदलेले दिसले, तरी लगेच निराश होऊ नये. हे कारण पुष्कळदा ढोबळपणे लिहिले जाते आणि पुढच्या खेपेस त्याच मातेची प्रसूती नैसर्गिक रीतीने झाल्याची उदाहरणे प्रसूतिशास्त्रात विपुल आहेत.

या कागदाचे महत्त्व आपल्या समाजात अधिक का, ते सांगते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. त्यामुळे येथील कित्येक मराठी घरांची सोयरीक अजूनही नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव या बाजूस असते. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी, किंवा याच्या उलट, असा आपला रिवाज. पहिले सिझेरियन हैदराबादेतील एखाद्या रुग्णालयात झालेले असते आणि दुसऱ्या खेपेस मुलगी आठव्या महिन्यात सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरील नांदेडला किंवा त्याही पलीकडच्या एखाद्या खेड्यात माहेरी जाते. बरोबर बाळाचे अंगडे-टोपडे, डिंक, अळीव सगळे जाते. कार्ड तेवढे कपाटात राहते. मग तेथील डॉक्टरांपुढे केवळ पोटावरचा व्रण असतो. छेद कोणता हे कळत नाही, कारण कळत नाही, आणि तेही सावधगिरी म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करतात. त्यांना दोष देता येत नाही. कार्डाच्या दोन छायाप्रती काढून एक माता व बाल संरक्षण कार्डातच ठेवावी आणि दुसरी माहेरी आधी पाठवावी. मूळ कार्ड हरवले असेल तर जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे अर्ज करून नोंदीची प्रत मागावी; ती मागण्याचा आपणास अधिकार आहे.

माहेरी जाण्यास माझा विरोध नाही. बाळंतिणीला आईच्या हाताचे जेवण आणि चार घटका झोप मिळते ती तेथेच. परंतु व्रण असलेल्या गर्भाशयाने कळा कोठे द्याव्यात, याचा नियम कडक आहे. जेथे रात्री दोन वाजताही शस्त्रक्रियागृह चालू करता येते, भूलतज्ज्ञ हजर असतो, रक्त उपलब्ध असते आणि बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवता येते, तेथेच. घरी किंवा केवळ सुईणीच्या भरवशावर हा प्रयत्न करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भूलतज्ज्ञास फोन करून बोलवावे लागणाऱ्या लहान रुग्णालयातही करू नये. माहेरच्या गावापासून अशी सोय दोन तासांवर असेल तर नवव्या महिन्यात त्या शहरातील एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवावा. तेही शक्य नसेल तर ठरवून शस्त्रक्रिया करणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय. नांदेड, लातूर व अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. हैदराबादेत सुलतान बाजार व पेटला बुर्ज येथील सरकारी प्रसूति-रुग्णालये आहेत, नीलोफर रुग्णालय आहे. आधी जाऊन नाव नोंदवावे आणि स्पष्ट विचारावे : पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीस येथे नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू देतात काय? नकार मिळाला तरी तो सातव्या महिन्यात मिळालेला बरा, नवव्यात नको.

या बाबतीत हैदराबादने काही चांगले पायंडेही पाडले आहेत. १९४८ मध्ये सुरू झालेल्या येथील फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासून परिचारिकांना प्रसविका म्हणून शास्त्रशुद्ध शिक्षण देण्यास आरंभ केला, आणि २०१७ मध्ये तेलंगण शासनाने युनिसेफच्या साहाय्याने सरकारी परिचारिकांसाठी तसाच अभ्यासक्रम हाती घेतला. कळा सोसणाऱ्या स्त्रीजवळ सतत एक जाणकार व्यक्ती बसलेली असणे, ही नैसर्गिक प्रसूतीची निम्मी तयारी होय. गर्दीच्या प्रसूतिकक्षात डॉक्टरला ते साधत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

ज्यांचा निर्णय ठरवून शस्त्रक्रिया करण्याचा होईल, त्यांनीही मनात कमीपणा बाळगण्याचे कारण नाही. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. अट एवढीच की तारीख वैद्यकीय असावी. विशेष कारण नसेल तर ३९ आठवडे पुरे होण्यापूर्वी शस्त्रक्रिया करू नये. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक होतो आणि काहींना काचेच्या पेटीत ठेवावे लागते. मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरविण्याची चाल या प्रांतात बरीच बोकाळली आहे व आपल्या मराठी घरांतही ती शिरली आहे. ३९ आठवड्यांनंतरच्या दिवसांतून कोणी शुभ दिवस निवडला तर माझे काही म्हणणे नाही. परंतु चांगल्या नक्षत्रासाठी बाळाला दोन आठवडे आधी बाहेर काढणे हा त्याच्या फुफ्फुसांवर अन्याय आहे.

नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दोन बाळंतपणांत निदान दीड-दोन वर्षांचे अंतर असावे. त्याहून कमी अंतरात व्रण उसवण्याचा धोका वाढतो. कळा आपोआप सुरू होऊ द्याव्यात. औषधाने आणलेल्या कळांत गर्भाशय फाटण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि मिसोप्रोस्टॉल ही गोळी अशा स्त्रीस पूर्ण दिवसांत कळा आणण्यासाठी देऊ नये. कळा सुरू होताच, पाणी गेल्यास किंवा रक्त दिसल्यास घरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि दारातच सांगावे, “माझे आधी सिझेरियन झाले आहे.” दोन कळांच्या मधल्या वेळातही व्रणाच्या जागी सतत दुखत राहणे, चांगल्या चाललेल्या कळा एकाएकी थांबणे, घेरी येणे, ही लक्षणे तत्क्षणी परिचारिकेच्या कानावर घालावीत. बाळाच्या ठोक्यांतील बिघाड हे सर्वांत लवकर कळणारे चिन्ह आहे. म्हणून पोटाला बांधलेला पट्टा त्रासदायक वाटला तरी सोडू नये. वेदनाशमनासाठी पाठीत इंजेक्शन घेता येते, व्रण असल्यामुळे त्यास प्रत्यवाय नाही.

भाषणानंतर काही भगिनींनी प्रश्न विचारले. त्यांपैकी तीन सर्वांच्या उपयोगाचे असल्याने येथे देत आहे.

दोन सिझेरियन झाल्यानंतर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते काय? काही निवडक स्त्रियांत, मोठ्या रुग्णालयात आणि अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होऊ शकते. तथापि आपल्याकडे बहुतेक डॉक्टर अशा वेळी शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात व तो अयोग्य म्हणता येणार नाही.

सोनोग्राफीत व्रणाची जाडी “अमुक मिलिमीटर” आली, म्हणून शस्त्रक्रिया करावीच लागेल असे सांगितले. ते खरे काय? व्रण फार पातळ असणे ही विचारात घेण्याजोगी गोष्ट आहे. परंतु जिच्यापलीकडे निश्चित भय किंवा निश्चित अभय, अशी सर्वमान्य मर्यादा अद्याप ठरलेली नाही. केवळ त्या एका आकड्यावर निर्णय होत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

तिसरा प्रश्न एका सासूबाईंनी विचारला. दुसरे मूल झाल्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करावयाचीच आहे, मग सिझेरियनमध्येच दोन्ही कामे का उरकू नयेत? सिझेरियन अन्य कारणाने होणारच असेल तर जरूर उरकावीत. पण केवळ तेवढ्यासाठी पोट उघडू नये. नैसर्गिक प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत बेंबीखाली लहानसा छेद घेऊन ती शस्त्रक्रिया करता येते. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते, आणि तिच्यासाठी सुनेची संमती लागते, सासूची नव्हे.